भयलस

त्या संध्याकाळी निनाद पुन्हा मेला, आणि रेवूने तोंड उघडलं.

पडद्यावर 'ध्रुव' यानाची प्राणवायूची टाकी फुटली होती. हवा शिट्टी वाजवत बाहेर चालली होती, निनादचा हात झडपेपर्यंत पोचत नव्हता, आणि शिरस्त्राणाच्या काचेमागे त्याचा चेहरा निळा पडत चालला होता. ऋजुताने मऊभाताचा घास चिमटीत गोळा केला, वर जरासं तूप घेतलं आणि लेकीच्या उघड्या तोंडात घातला.

"आज कशाने गं?" स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं. मालिका लागली की त्या आत जाऊन बसत.

"टाकी फुटली, आई."

"परवा आग होती. मेल्यांना दुसरा उद्योग नाही. माझ्या पोराला रोज नव्या तऱ्हेने मारतायत."

खरा निनाद त्या वेळी सुखरूप होता. एका लघुग्रहावरची माती घेऊन 'ध्रुव' पृथ्वीकडे परत निघालं होतं. 'दूरयात्री' ही मालिका करमणुकीसाठी नव्हतीच. अंतराळ केंद्राचे संगणक तिचा प्रत्येक भाग ज्याच्या त्याच्या घरासाठी वेगळा रचत. चेहरा खरा, आवाज खरा, अपघात तेवढा खोटा. कोकणातल्या एका सड्यावर, उघड्या कातळी पठारावर, अंतराळवीरांच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या वसाहतीत, दिवेलागणीला घराघरात कुणीतरी गुदमरत असे, जळत असे, अंधारात वाहून जात असे. केंद्राने या उपचाराला नाव दिलं होतं भयलस.

हे नाव ठेवणाऱ्या डॉक्टर हळबे मेंदूच्या अभ्यासक होत्या. मालिका सुरू होण्याआधी ओट्यावर बसून कोकम सरबत पिताना त्यांनी ऋजुताला विचारलं होतं, "तुम्ही इथे राहायला आलात तेव्हा चिरेखाणीतल्या करवतीचा त्रास व्हायचा म्हणाला होतात. आता?"

"ती बंद झाली ना?"

"ऐका बरं."

ऋजुताने कान दिला. टेकडीपलीकडे करवत कर्कश ओरडत होती.

"कान तेच आहेत," हळबे म्हणाल्या. "मेंदूनेच ठरवलं, की हे रोजचंच आहे, दखल घ्यायचं कारण नाही. लसीत नाही का, मेलेले जंतू टोचून शरीराची ओळख करून देतात? आम्ही खोटं मरण टोचतो. रोज थोडं. खरं संकट येईल तेव्हा तुमचं काळीज म्हणेल, हे काय, नेहमीचंच."

त्यामागे कारण होतं. आधीच्या एका मोहिमेत यानातला भोंगा वाजला तेव्हा एका अंतराळवीराची बायको त्याच्याशी बोलत होती. ती किंचाळली. ती किंकाळी कानात घेऊन त्याचे हात असे थरथरले की नको ते बटण दाबलं गेलं. तेव्हापासून नियमच झाला. घरच्यांनी मनगटावर पट्टा बांधून मालिका बघायची. नाडी वाढली की पट्टा लाल, शांत राहिली की हिरवा. हिरवा पट्टा असेल त्यालाच रविवारी यानाशी बोलायला मिळे.

पहिल्या आठवड्यात ऋजुता उशीत तोंड खुपसून रडली. मग नुसते डोळे भरू लागले. मग तेही थांबलं. सासूबाईंचा पट्टा मात्र आतल्या खोलीतूनही लालच. त्यांना मुलाशी बोलता येत नसे. ऋजुता बोलताना त्या दाराआड उभ्या राहून त्याचा आवाज ऐकत.

लहान मुलांसमोर मालिका लावू नये, अशी सूचना होती. पण निनाद निघाला तेव्हा जेमतेम बसायला लागलेली रेवू आता जेवणाच्या नावाने ओठ घट्ट मिटून घ्यायची. काऊ झाला, चिऊ झाली, मांजर झालं. एकदा ती शेजारी असताना पडद्यावर यान फुटलं, नवलाने तिचा 'आ' झाला, आणि ऋजुताने ती संधी साधून घास भरवला. न जेवणाऱ्या मुलाच्या कुठल्याही आईने तेच केलं असतं. दुसऱ्या दिवशीही केलं असतं. काही दिवसांनी रेवूचं तोंड आपोआप उघडू लागलं. बाबाचा जीव धोक्यात आला की घास येतो, एवढं तिला समजलं होतं.

मग एका दुपारी रेवू पायरीवरून पडली. ओठ फाटला, फ्रॉकवर रक्त सांडलं. ऋजुताने ते पुसलं, बर्फ लावला, आणि मध्येच आपला हात तिला दिसला. ताट विसळावं तसा तो चालला होता.

तिने हळब्यांना गाठलं. "मॅडम, हे फक्त यानापुरतंच आहे ना?"

"तसंच ठरवलं होतं." डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण त्याच्या मरणाने जी धडधड होते, तीच तो दारात आल्यावरही होते. मेंदूत या दोन तारा वेगळ्या असतील असं मी धरून चालले होते. तशा त्या दिसत नाहीत."

"मग तो येईल तेव्हा?"

"मालिका आजच बंद करा. यान उतरेपर्यंत बरंचसं परत येईल. भीतीसकट येईल, एवढं लक्षात ठेवा."

"आणि रविवारचं बोलणं?"

"पट्टा लाल झाला तर बंद. तो नियम माझा नाही."

ऋजुताने त्या संध्याकाळी पडदा काळा ठेवला. रेवू जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घास दिसला की मान फिरवून ती काळ्या पडद्याकडे बघत राही. रविवारी निनादने विचारलं, "रेवू जेवते ना गं नीट?" त्याचा आवाज पोचायला वेळ लागे, ऋजुताचं उत्तर जायलाही तेवढाच. त्या मधल्या शांततेत तिने लेकीच्या बारीक झालेल्या मनगटाभोवती बोटं धरून पाहिली. "जेवते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने मालिका लावली. यान सूर्याकडे ओढलं जात होतं. रेवू वाटीभर भात जेवली. एरवी ऋजुताला बरं वाटलं असतं, किंवा वाईट तरी. तिने वाटी धुऊन पालथी घातली.

यान उतरलं, आणि या वेळी पडद्यावरचं सगळं खरं होतं. तीनपैकी एक हवाईछत्री उघडलीच नाही आणि अंतराळवीरांची कुपी समुद्रावर जोरात आपटली. सासूबाई देवापुढे ओक्साबोक्शी रडल्या. रेवूने तोंड उघडलं. तपासण्या संपल्यावर निनादला गाडीतून घरी आणलं, तेव्हा सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्याच होत्या. रेवूला कडेवर घेऊन ऋजुता त्यांच्यामागे.

"थांब तिथेच," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ओवाळलं, डोळ्यांना पाणी लावलं, तुकडा दूर टाकला. "काय रे हे, पायांच्या काड्या झाल्यात. उपाशी ठेवला की काय मेल्यांनी?"

निनाद हसला. तो सासूबाईंच्या खांद्यावरून ऋजुताकडे बघत होता. इतक्या दुरून हेच बघायला आल्यासारखा. ऋजुताही हसली. कसं हसायचं ते तिला आठवत होतं.

"रेवू, ये," म्हणत त्याने हात पसरून पाऊल उचललं. वजन विसरलेल्या त्या पायांना उंबरठा पेलला नाही. तो तोंडावर आपटला. तांब्या घरंगळत गेला. "अरे देवा, निन्या!" म्हणत सासूबाई खालीच बसल्या.

त्याच्या कपाळावरून रक्ताची धार निघाली. त्याने मान वर केली, कसनुसं हसला आणि हात पुढे केला. "ऋजू, हात दे गं."

कडेवर रेवूने टुक्कन 'आ' केला.

ऋजुताचा मोकळा हात उचलला गेला होता. पाचही बोटं एकत्र जुळली होती, आणि तो लेकीच्या तोंडाकडे चालला होता.