टोचण्याआधी

मेंदूचे फोटो वाचणं हे माझं रोजचं काम. लोकांच्या डोक्यात काय चाललंय ते मला बरोबर दिसतं, अशी घरात थट्टा चालते. नवऱ्याच्या डोक्यातलं मात्र अजून कळलेलं नाही.

म्हणूनच उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या तशी धाकटी बहीण आधी माझ्याकडे आली. तिचं केस कापायचं दुकान आहे. "ताई, उद्या गिऱ्हाईकाचा कानच माझ्या हातात आला म्हणजे?" ती हसत म्हणाली. पण कात्रीचा हात मांडीखाली दाबून बसली होती.

एमआरआय केला. पुस्तकात छापावा इतका स्वच्छ मेंदू. मला बरं वाटायला हवं होतं. उलट रागच आला. काही सापडलं असतं, तर इलाज तरी करता आला असता.

न्यूरॉलॉजिस्टनी तिला डोळे मिटायला लावले. "टोचलं की हो म्हणायचं."

टाचणी बोटाला लागायच्या आतच ती म्हणाली, "हो." पुन्हा तेच. रोगी घाबरून अंदाज बांधतो तेव्हा असं होतं, म्हणून त्यांनी ताल मोडला. मध्येच थांबले. कधी टाचणी नुसती जवळ नेली, टेकवलीच नाही. तेव्हा ती गप्प राहिली.

"मानसिक ताण," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. मीही मान डोलावली.

"हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!" धाकटी जिना उतरताना म्हणाली.

घरी जाताना गाडीत माझ्या लक्षात आलं. अंदाज बांधणारी बाई त्या खोट्या टाचणीला फसली असती. ही एकदाही फसली नव्हती.

रविवारी ती माझ्याकडे आली होती. खुर्चीत बसल्या बसल्या एकदम ओरडली, "आई गं, भाजलं!" बोट तोंडात घातलं. मी पाहिलं तर साधा लाल डागही नव्हता. तिलाच हसू आलं. आम्ही गप्पा मारल्या, मग ती चहा टाकायला उठली आणि भांड्यावरचं झाकण काढताना वाफ हातावर आली. तेच बोट. ती दचकलीसुद्धा नाही.

"आता काहीच वाटलं नाही गं," फुगत चाललेल्या फोडाकडे बघत ती म्हणाली.

त्या दिवसापासून मला तिची भीती वाटायला लागली. सख्ख्या बहिणीची.

जाणवणं आणि घडणं यांतलं अंतर वाढत गेलं. सकाळचा चिमटा तिला आदल्या रात्री जाणवायचा. मग एका दुपारी तिचा फोन आला. "ताई, उजव्या हाताला काही कळतच नाही. चार दिवस झाले. पुढचंही काही येत नाही."

मी तिला तशीच उचलून पुन्हा मशीनमध्ये झोपवलं. अंगठ्या, घड्याळ काढून स्वतः मशीनच्या खोलीत तिच्याजवळ बसले आणि तिचा डावा हात धरला. तो अजून शाबूत होता.

मशीनची ठकठक थांबली.

"ताई, रडतेस कशाला? हात भिजला माझा."

माझे डोळे कोरडे होते.

स्पीकरवर तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, सगळं नॉर्मल दिसतंय."

मी तिचा हात दोन्ही हातांनी घट्ट आवळला.

"सोडलास," ती म्हणाली.