शून्य लिहिलेला पत्रा

कोठीत रंगाचा वास कोंडला होता. दुपारी काकांनी एकट्यानं जुन्या पत्र्यांना लाल रंग मारला होता आणि आता ते आरोग्य कार्यालयाच्या त्या कोठीच्या पायरीवर पाय पसरून बसले होते. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. काका इथले रात्रीचे राखणदार. त्याआधी तीस वर्षं कार्यालयाच्या गाड्या चालवलेले. समोर तीन तरुण बसले होते. लंबू, चष्मेवाला आणि सिस्टर. सिस्टरचं शिक्षण पुरं व्हायला अजून सहा महिने होते, पण साथ कुणासाठी थांबत नाही, म्हणून तिलाही करारावर उचललं होतं. सकाळी सातला या तिघांचं पथक निघणार होतं. हुकूम मागच्या साथीचाच, फक्त तारीख बदललेली. ताप सापडलेल्या घराला बाहेरून पत्रा ठोकायचा, चौदा दिवस.

"काका, पत्रे कळले, खिळे कळले. हा खडू कशाला दिलाय?" लंबूनं विचारलं. "लोकांची शाळा घ्यायची का?"

"आत माणसं किती, तो आकडा पत्र्यावर लिहायचा. जेवणाची गाडी आकडा बघते आणि पत्र्याच्या खिडकीतून तेवढी पाकिटं आत देते. आत कुणी नसेल तर शून्य. मग बिनखिडकीचा पत्रा." काका पुढं सरकले. "पण लिहिण्याआधी दार तीनदा वाजवायचं. थांबायचं. विचारायचं, आत कोण आहे, किती जण?"

"आणि कुणी बोललंच नाही तर?" चष्मेवाल्यानं विचारलं.

रस्त्यावरून एक रुग्णवाहिका गेली, तिचा आवाज पार विरेपर्यंत काका ऐकत राहिले.

"एक मिस्त्री होता माझ्या ओळखीचा," ते म्हणाले. "त्याचं सांगतो. घाबरायचं असेल तर आत्ताच घरी जा."

"मला कसली भीती?" लंबू म्हणाला. "मी आधीच करारावर आहे." सिस्टर हसली. काका हसले नाहीत.

तर हा मिस्त्री. हातात कसब असलेला माणूस. दारं, खिडक्या, कपाटं करायचा. मागच्या साथीत सगळी कामं बंद पडली, तेव्हा कार्यालयानं त्याला रोजावर घेतलं. उभ्या आयुष्यात त्यानं माणसांना घरात शिरायला दारं करून दिली होती, आता तीच दारं बंद करायचं काम आलं. मनातून पटत नव्हतं, पण करायचा.

पथकाचा प्रमुख एक निरीक्षक होता. सगळे त्याला साहेब म्हणायचे. साहेबाला वरून रोजचा आकडा ठरवून आलेला. आज बेचाळीस घरं, उद्या पन्नास. घरात शिरून बघायचं तर अंगावर घालायचे पोशाख हवेत. ते संपलेले. मागणी केली तर वरून उत्तर आलं, पोशाख पोचले आहेत, तुमच्याच कोठीत नीट शोधा.

त्या दिवशी संध्याकाळ होत आली होती. एका अरुंद बोळाच्या शेवटचं घर, एकेचाळिसावं. पथक पोचलं तेव्हा तिथला माणूस रुग्णवाहिकेत चढवला जात होता. पन्नाशीचा असेल. तोंडावर प्राणवायूचा मास्क, छाती भात्यासारखी हलतेय. बोलता येत नव्हतं. त्यानं पथकाकडे बघितलं आणि एक बोट वर केलं. खाली घेतलं, पुन्हा वर केलं. एक.

साहेब म्हणाला, "अरे, वर जायची एवढी घाई कशाला? नेतायत ना तुला."

सगळे हसले. मिस्त्रीही हसला. दमलेला माणूस हसतो तसा, नुसता दात दाखवून. पण हसला.

दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. मिस्त्रीनं तीनदा वाजवलं. "आत कोण आहे? किती जण?" आतून काही नाही. तो थांबायला लागला, तसा साहेब घड्याळ बघत म्हणाला, "एकटाच राहत असेल. शून्य लिही आणि आटप. अजून एक घर आहे."

मिस्त्रीनं पत्रा लावला. बारा खिळे. शेवटचा ठोकताना त्याला वाटलं, आतून कुणीतरी वाजवलं. त्यानं हातोडी थांबवली.

"साहेब, आत काहीतरी..."

"तुझ्याच हातोडीचा आवाज आहे तो."

"एकदा काढून बघू का?"

"ठोकलेला पत्रा काढायला वरची लेखी परवानगी लागते. आणतोस? जा, आण."

मिस्त्रीनं खिशातून खडू काढला आणि पत्र्यावर शून्य लिहिलं.

"आणि नंतर? त्यानं कुणाला सांगितलं नाही?" सिस्टरनं विचारलं.

सांगितलं ना. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेला. तिथल्या कारकुनानं अर्ज लिहून मागितला. तो दिला. अर्जावर शिक्का बसला आणि अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला. बोळातल्या एका बाईनंही फोन केला होता, रात्री त्या घरातून वाजवल्यासारखं येतं म्हणून. तिला सांगितलं, यादीत त्या घरात शून्य माणसं आहेत, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. सहाव्या दिवशी मिस्त्री स्वतः बोळात गेला. पत्र्याला कान लावला. सगळं शांत होतं. त्याला बरं वाटलं. बघा हं, शांत होतं म्हणून बरं वाटलं त्याला.

तो दवाखान्यातला माणूस तिसऱ्याच दिवशी गेला होता. वॉर्डातल्या आयाबाई नंतर सांगत होत्या, शेवटपर्यंत एक बोट वर करत होता. कुणी म्हणालं पाणी मागतोय, कुणी म्हणालं देवाला बोलावतोय. त्याच्या आईला ऐकू येत नाही आणि ती मागच्या खोलीत झोपलेली आहे, हे एका बोटात कसं सांगणार बिचारा?

पायरीसमोर बसलेल्या चष्मेवाल्यानं हातातली यादी घडी करून खिशात घातली.

तेराव्या दिवशी कार्यालयात एकदम धावपळ सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला राजधानीतून मोठे साहेब येणार होते. शहर साथमुक्त झाल्याचं जाहीर करायला. दवाखान्यात व्हरांड्यापर्यंत खाटा लागलेल्या, ते राहू दे. पण मोठ्या साहेबांच्या वाटेवर पत्रा दिसता कामा नये. रातोरात सगळे काढा. मग परवानगी? परवानगी आता कुणीच विचारत नव्हतं.

एकवीस तारीख म्हणू नका, बावीस म्हणू नका, मला नीट आठवतंय. तेवीस तारीख, मंगळवारची रात्र. मिस्त्री त्या बोळाच्या तोंडाशी पोचला तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ट्रक आत जाईना. ट्रकवाला म्हणाला, तू जा, मी इथंच डोळे मिटतो. मिस्त्री कटावणी आणि टॉर्च घेऊन एकटाच आत गेला.

दोन्ही बाजूंच्या घरांना कुलपं. साथीला भिऊन निघून गेलेली माणसं. एका कट्ट्यावर कुणाची तरी चप्पल, एकच. शेवटी ते घर. पत्र्यावर त्याच्या हातचं शून्य, जसंच्या तसं.

त्यानं पहिल्या खिळ्याखाली कटावणी घातली. खिळा किंचाळत बाहेर आला.

आतून आवाज आला. टक.

मिस्त्री म्हणाला, माझ्याच हातोडीचा आवाज.

दुसरा खिळा काढला.

टक.

तिसरा.

टक.

मग त्याच्या लक्षात आलं... हातोडी ट्रकमध्येच राहिलीय. हातात आहे ती कटावणी. कटावणी ठोकत नाही.

तो थांबला. आतलंही थांबलं.

घाम फुटला त्याला, पण भीतीनं नाही. आधी आनंदानं. आहे! जिवंत आहे! तेरा दिवस, पण आहे! तो भराभर खिळे उपटायला लागला. प्रत्येक खिळ्याला आतून एक टक. जणू कुणी त्याच्याबरोबर मोजतंय. अकरा झाले. एक उरला.

त्यानं पत्र्याला तोंड लावलं. हातून सुटलेलं काम आता तरी नीट करावं, म्हणून नियमाप्रमाणे विचारलं.

"आत कोण आहे?"

...

"किती जण?"

...

टक.

एकच.

"थांबा, थांबा," तो ओरडला, "काढतो, काढतो." ऐकू न येणाऱ्या बाईला सांगत होता. पण तिला ऐकू येत नाही, हे त्याला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

बारावा खिळा निघाला. पत्रा भिंतीला टेकला. पत्र्यामागचं दार अर्धं उघडं होतं.

टॉर्च आत गेला.

उंबऱ्यातच बसली होती. पाठ चौकटीला. एक हात गुडघ्यावर, एक हात वर, पत्रा होता तिथं टेकलेला असावा तसा. बोटांची पेरं फुटलेली. शेजारी तांब्या आडवा. कोरडा.

मिस्त्रीनं माणसं मेलेली बघितली होती. त्या दिवसांत सगळ्यांनीच बघितली होती. हे आजचं नव्हतं. कालचंही नव्हतं. सात-आठ दिवस झाले असतील... जास्तच.

मग वाजवलं कुणी?

तो ओरडला नाही. पळालाही नाही. बोळात बसला. आणि साहेबाला फोन लावला.

साहेब अडीचला आला, तोंडाला रुमाल लावून. टॉर्चच्या उजेडात एकदा बघितलं. मग पत्र्याकडे बघितलं.

"काय लिहिलंय?"

"शून्य."

"मग शून्यच. उद्या शहर साथमुक्त होतंय, आज रात्री मी आकडा वाढवू? बेवारस म्हणून लिहू. रस्त्यावर सापडली."

"साहेब, तिचं घर आहे. ती घरात होती."

"घरात कुणी नव्हतं. तूच लिहिलंयस. अक्षर कुणाचं आहे?"

तीनच्या सुमाराला गाडी आली, तिला घेऊन गेली. दहाला फुलांच्या कमानीखाली साहेबाला प्रशस्तिपत्र मिळालं. ते नंतरचं. आधी, गाडी गेल्यावर, मिस्त्रीनं ट्रककडे न्यायला तो पत्रा उचलला. उचलताना तो फिरला. घराकडची बाजू वर आली. टॉर्च काखेत होता, उजेड त्यावर पडला.

त्या बाजूला खडूनं लिहिलं होतं.

१

म्हातारीच्या घरात खडू नव्हता. मिस्त्रीनं परत आत जाऊन कोपरे शोधले. खडू एकच, त्याच्या स्वतःच्या खिशात.

काका बोलायचे थांबले. कोठीच्या दिव्याभोवती किडे आपटत होते.

"हे सगळं मिस्त्रीनं तुम्हाला सांगितलं?" सिस्टरनं हळूच विचारलं.

"ट्रकमध्ये. पहाटे. ट्रक मी चालवत होतो ना."

"आणि दिवसा?" चष्मेवाला म्हणाला. "दिवसा तुम्ही काय चालवायचात, काका?"

काकांनी डोळ्यांवरून हात फिरवला.

"जेवणाची गाडी," ते म्हणाले. "दिवसातून दोनदा त्या बोळाच्या तोंडाशी थांबायचो. माझ्या यादीत शून्य होतं. मग मी... वळवायचो गाडी."

लंबूला ते सहन झालं नसावं.

"मिस्त्री कुठं असतो आता?"

"काम सोडलं त्यानं. मुलीकडे गेला. जाताना म्हणाला, तो पत्रा भंगारात घाला. मी दोनदा घातला. साथ आली की भंगारातून मोजून परत येतात सगळे."

"म्हणजे तो इथंच आहे?" लंबू उभा राहिला. हसायला गेला, पण हसू अर्धंच आलं. "काय काका! उद्या मला कामाला जायचंय, आणि तुम्ही आज..."

"डावीकडून तिसरा. दुपारी सगळ्यांबरोबर त्यालाही रंग मारलाय. दोन्ही बाजूंनी. दोन-दोन हात. मारून कुलूप लावलं. किल्ली ही." त्यांनी कमरेची किल्ली काढून लंबूच्या हातात दिली आणि स्वतः पायरीवरच बसून राहिले.

लंबूनं कुलूप काढलं. ओल्या रंगाचा भपका बाहेर आला. तिघं आत गेले. सिस्टरनं मोबाइलचा उजेड धरला. पत्रे भिंतीला टेकवून ओळीनं उभे होते, लालभडक, चकाकणारे. पहिला. दुसरा. तिसरा.

तिसऱ्याची बाहेरची बाजू कोरी होती. लंबूनं कडा दोन बोटांत धरून तो पुढं झुकवला. चष्मेवाल्यानं मान वाकवून मागं बघितलं.

"काय आहे?" सिस्टर म्हणाली.

चष्मेवाल्यानं लंबूचा हात धरला. त्याला पत्र्यामागं बघायला लावलं.

लाल रंगावर पांढरा आकडा. एक.

"काकांनीच काढलाय," लंबू पुटपुटला. "दुपारी. आम्हाला घाबरवायला. बघा, रंगानंच काढला असणार..." त्यानं बोट पुढं केलं आणि आकड्यावरून ओढलं.

रंग ओला होता. कडेला धरलेली त्याची दोन बोटं लालेलाल झाली होती.

आकड्यावरून फिरवलेलं बोट त्यानं उजेडात धरलं. त्यावर लाल काहीच नव्हतं. नुसती खडूची भुकटी. पांढरी, कोरडी.