अर्धा इंच

लाकडाच्या दुकानात मी हातवारे करकरून सांगत होते, की मशीन टेबलावर ठेवायचं नाही, टेबलात बसवायचंय... म्हणजे गोधडी शिवताना सपाट सरकेल, अडणार नाही. दुकानदाराच्या डोक्यात काही शिरेना. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "खाच हवीये त्यांना. मी करून देतो."

वळून पाहिलं. भुवयांवर भुसा, केसांत भुसा, आणि हसू मात्र अगदी स्वच्छ. मी तिथेच गारद झाले.

तो सुतार होता, स्वतःच्या काकांच्या कारखान्यात काम करणारा. माझी शिवणाची खोली बघायला आला तेव्हा माझं मशीन दुरुस्तीला गेलेलं. उजेड कुठून येतो, मोठी गोधडी डावीकडे ओघळते का, मी किती उंच बसते, सगळं त्याने विचारलं. मशीनची लांबी तेवढी फोनवर कळवा म्हणाला.

मशीन आलं, मी मोजलं. साडेसोळा इंच. फोनवर मात्र सोळा सांगून मोकळी झाले. मशीन बसलं नाही की हा परत येईल... एवढीच माझी अक्कल!

टेबल आलं. मशीन बसेना. तो पुन्हा पुन्हा टेप लावत राहिला, चेहरा उतरत गेला. लिहून घेताना आपलंच चुकलं असणार, म्हणाला. खाच वाढवायला परवा येतो म्हणून गेला. मला आनंद व्हायला हवा होता, पण त्याचा उतरलेला चेहराच डोळ्यांसमोरून जाईना.

तिसऱ्या दिवशी आला तो थेट कामालाच लागला. चहाही नको म्हणाला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, काकांनी लाकूड कापायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं होतं. आधी माप घ्यायला शीक, म्हणाले होते.

सांगितलं तर हा पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही. आणि नाही सांगितलं तर... छे, तेवढी निर्लज्ज मी नव्हते.

"चूक तुमची नाही," मी म्हणाले. "मी मुद्दाम कमी सांगितलं."

त्याची पटाशी थांबली. "का?"

"म्हणजे तुम्हाला... परत यावं लागेल."

त्याने उरलेली खाच तासली, मशीन उचलून आत सोडलं. टेबलाच्या अगदी पातळीत बसलं, पण माझं कसलं लक्ष! एकेक हत्यार पिशवीत जाताना मी बघत होते. मग त्याने काकांना फोन लावला.

"काका, माप मी बरोबरच लिहिलं होतं. त्यांनीच अर्धा इंच कमी सांगितला... हो, मुद्दाम... नाही हो, वेड्याबिड्या नाहीत." तो खिडकीकडे वळला, तरी त्याचे लाल झालेले कान मला दिसत होते. "मी परत यावं म्हणून."

पलीकडून काका बराच वेळ बोलत होते. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी.

"नाही, रागावलो नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत, हळूच — "मलाही यायचंच होतं, काका."