छप्पन्न मोठे की तेहतीस?

"म्हंजे आजीचा आवाज गेला?" सुकेशनीने विचारलं.

"गेला, बाळा," ओमप्रकाशकाकांनी मान खाली घातली. "काल दुपारी जुना कॉम्प्युटर चालू केला. डिस्कचा वेग तेहतीस अन् मोडेमचा छप्पन्न. म्हणून मोडेम लावून टेलिफोनच्या तारेनं गाणी नव्या कॉम्प्युटरवर घेतली. अर्ध्या तासात समदं आलं बी! पण शेवटाला डिस्क जळाली, आलेल्या फायली बी खराब निघाल्या. माझा तरी काय इलाज?"

मुलांना गप्प करायचं असलं की मोठी माणसं आकडे फेकतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

देवगाव फाट्यावरच्या या कॉम्प्युटर क्लासमध्ये सुकेशनी, तिची मैत्रीण भक्ती आणि भक्तीचा धाकटा भाऊ मुंजाजी दर सुट्टीत शिकायला येत. काकांवर तिघांचा भारी जीव! सुकेशनीच्या पंचफुलाआजीची गाणी वीस वर्षांपूर्वी काकांनीच रेकॉर्ड केली होती. आजी जाऊन चार वर्षं झाली. तिचा आवाज त्या एका कॉम्प्युटरमध्येच उरला होता. गेल्या दिवाळीत काकांनी फोल्डर उघडून दाखवला आणि शब्द दिला, "उन्हाळ्याच्या सुट्टीत काढून देतो."

बाहेर लिंबाखाली सुकेशनी गुडघ्यांत तोंड घालून बसली.

"काकाचं बरोबर हाय," मुंजाजी म्हणाला. "छप्पन्न तेहतीसपेक्षा मोठे!"

"छप्पन्न काय अन् तेहतीस काय, ते बघ की मुंज्या!" भक्ती उसळली. "छप्पन्न मुठी हरभरा तेहतीस पोत्यांपेक्षा जास्त असतो व्हय रे?"

सुकेशनीने झटकन डोळे पुसले. काडी उचलली आणि मातीत लिहायला लागली.

"मोडेमचे छप्पन्न म्हंजे किलोबिट, एका सेकंदाला. आठ बिटचा एक बाईट. छप्पन्न भागिले आठ?"

"सात!"

"म्हंजे सेकंदाला सात किलोबाईट. डिस्कचे तेहतीस म्हंजे मेगाबाईट. तेहतीस हजार किलोबाईट!"

"अगं बया! डिस्कच कितीतरी पट पळती की!"

"आजीचा फोल्डर पाचशे चार मेगाबाईटचा. मी पडद्यावर वाचलेलं. मोडेमनं किती वेळ लागंल?"

भक्तीने भागाकार केला. बहात्तर हजार सेकंद.

"वीस तास!" मुंजाजी ओरडला. "अन् काल दुपारी तर दोनदा लाइट गेली व्हती!"

सुकेशनीच्या हातातली काडी मोडली. काकांची चूक झाली असती तर तिला इतकं लागलं नसतं. पण वीस तासांचं काम अर्ध्या तासात झालं म्हणणाऱ्या माणसाने ते काम केलेलंच नसतं. काका तिच्या तोंडावर खोटं बोलले होते!

"कॉम्प्युटर हाय तरी कुठं?" भक्ती म्हणाली. "त्या कोपऱ्यात तर नवी झेरॉक्स मशीन बसवलीय!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि सायकली भंगाराच्या दुकानाकडे दामटल्या.

भंगारवाले तात्याराव टेम्पोला दोर बांधत होते. "ओमप्रकाशच्या कॉम्प्युटरचा डबा? त्याला आठ दिस झाले. जागा करायची म्हून त्यानंच बोलावलं मला. पार तळाला असंल बघा. टेम्पो जालन्याला जायलाय, तिथं समदं फोडत्यात."

"तात्या, पाया पडते, दोर सोडा! माझ्या आजीचा आवाज हाय त्यात!"

तात्यारावांनी पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि दोर सोडला. पंखे, पत्रे, सायकलींची चाकं उपसता उपसता तिघं काळीठिक्कर झाली. तळाशी डबा सापडला. तात्यारावांनी पान्याने डिस्क काढून दिली.

संध्याकाळी सुकेशनी वडिलांना, सिद्धोधनरावांना, घेऊन क्लासमध्ये शिरली आणि डिस्क टेबलावर ठेवली. काकांचा चेहरा पांढरा पडला.

"जोडा, काका."

काकांनी तिची वायर नव्या कॉम्प्युटरला जोडली. डिस्क घरघरली. मुंजाजी मोठ्याने सेकंद मोजत होता. "चौदा, पंधरा, सोळा... आली! सोळा सेकंदात समदी गाणी आली!"

"ध्यानातच राहिलं न्हाई गं," काका पुटपुटले. "डबा देऊन टाकल्यावर आठवलं. तुला कसं सांगू? वाटलं, तुमाला आकड्यांतलं काय कळतंय."

"आठ बिटचा एक बाईट, हे तुमीच शिकवलंत. खरं सांगितलं असतं तर आमी त्याच दिशी धुंडाळायला निघालो असतो, काका."

सिद्धोधनरावांनी तिघांच्या पाठीवर हात फिरवला. "शाब्बास रे लेकरांनो! माझी माय परत आणलीत तुमी!"

भक्तीने पहिली फाईल लावली. आधी खोकल्याचा आवाज आला. मग आजी बोलली, "चालू झालं का रे, ओमप्रकाश? नीट जपून ठिवशील ना, लेकरा?"

"ठिवतो, मावशी," वीस वर्षांपूर्वीचे काका म्हणाले.

आजी गायला लागली. गाणं संपलं. काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

"उद्या क्लासला येशील ना, बाळा?" त्यांनी विचारलं.

सुकेशनीने गाणी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि तो मुठीत घट्ट धरला.

"न्हाई, काका," ती म्हणाली आणि वडिलांच्या मागे गाडीवर जाऊन बसली.