बारशाआधी गेलेला

तुळशीबाई, त्यांची सून जमनाबाई आणि जमनाबाईंची सून मंगलाबाई... तापीकाठच्या या घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला बोटातली सोन्याची अंगठी मधात बुडवून पहिली चाटण दिली ती याच तिघींनी. आणि मंगलाबाईंची थोरली सून चेतना आज नंदुरबारच्या रुग्णालयात सासूचे मनगट धरून उभी होती!

"सोड मन्हा हात!"

"आज सोडनार नही, आत्याबाई."

धाकटी जाऊ रुपा खाटेवर बसली होती. तिच्या उराशी दिवस भरण्याआधीच जन्मलेला ओंजळीएवढा जीव होता. सकाळीच डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, "आईच्या दुधातून चांगल्या जंतूंचे थेंब देतोय. आतडी सडण्याचा धोका त्याने कमी होतो. हमी मात्र नाही. बाहेरचं काहीही देऊ नका."

"जंतू पाजतस मन्हा नातूले! आनि मन्हा मध इख-जहर शे का?" मंगलाबाई कडाडल्या. "सोताना पोऱ्या गया, म्हनून जाऊना सुखवर जयस का?"

चेतनाच्या काळजात तप्त सळई शिरली... तिचाही पुत्र असाच अकाली जन्मला होता. त्यालाही सासूने डॉक्टरांच्या नकळत हीच चाटण दिली होती. मग त्याचे पोट फुगले, आतडी सडली आणि तो गेला. "बाहेरचं काही दिलं होतं का?" तेव्हा डॉक्टरांनी विचारले होते. सासूचा भयभीत चेहरा पाहून चेतना गप्प राहिली, आणि घराने ठरवले, सुनेचे दूधच नासके! बारशाआधी गेलेल्यासाठी रडायचे नसते, ही मंगलाबाईंची आज्ञाही तिने पाळली.

"मन्हा दूधले जनमभर नाव ठेवा," ती कळवळून म्हणाली, "पन याले चाटाडू नका. मी पाया पडस..."

रुपाने बाळावर पदर ओढला. मंगलाबाई अपमानाने बाहेर निघून गेल्या.

पुढे बाळ तरले. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी रुपाला विचारले, "बाहेरचं काही दिलं नाही ना?"

तोच प्रश्न! मंगलाबाईंनी चेतनाकडे पाहिले. तिची मान खाली होती, ओठ मिटलेले होते, अगदी तेव्हासारखेच... आणि त्या मौनाचा अर्थ त्यांना आज उमगला.

घरी ओवाळायला भाऊबंदांच्या बायका जमल्या होत्या. बाळाला ओवाळायचे सोडून मंगलाबाई चेतनापाशी गेल्या.

"तुन्हं दूध चांगलं व्हतं, बेटा... मन्हंच बोट वाईट व्हतं!"

आणि त्यांनी हंबरडा फोडला.

"आत्याबाई, बारशाआधी गेलेल्यासाठी..." चेतना त्यांना सावरू लागली.

"रडू दे मले! तू बी रड!"

त्या चिमुकल्याच्या वाटणीचे, वर्षानुवर्षे थकलेले सारे अश्रू मंगलाबाईंनी त्या दुपारी, सर्वांदेखत, चुकते केले.