एका घरात दोन च्येर्क

पूल वर उचललेला होता आणि खोडेलीव्ह सायकल धरून खोळंबली होती. नेदरलँड्सच्या दक्षिणेकडून उत्तरेतल्या फ्रीसलंडच्या या गावात ती आली होती, शाळेत तीन महिन्यांपुरती शिकवायला. पूल चालवणारा तरुण गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून होड्यांकडे सोडत होता, पुलाची फी घ्यायला. पुलाजवळच्या त्याच्या खोलीच्या दारावर त्याच्या नावाची पाटी होती. तिने ती वाचायचा प्रयत्न केला.

“त्स... त्स्जेर्क?”

“च्येर्क,” तो हसला. “टी, एस, जे ही पहिली तीन अक्षरं म्हणजे नुसता ‘च’. उगाच जीभ कशाला दमवता?”

“अर्थ काय?”

“लोकांचा राजा.”

“आणि राजा पूल उचलतो?”

“करणार काय, प्रजा होडीतून येते. तुमचं नाव?”

“खोडेलीव्ह. देवाची लाडकी.”

“फक्त देवाचीच...?”

पूल खाली आला तरी ती तिथेच उभी होती.

मग रोज नेमकी पूल वर असतानाच तिची सायकल पोचू लागली. कधी ती “त्यर्क” म्हणायची, कधी “चर्क”. तो सुधारायचा, ती पुन्हा चुकायची. मुद्दाम की काय, कुणास ठाऊक.

बघता बघता तीन महिने संपले. शनिवारची परतीची गाडी आली अंगावर, आणि या च्येर्कला चेष्टा करायला शंभर जिभा, मनातलं बोलायला मात्र एकही नाही. शेवटी तिनेच चिठ्ठी लिहिली – ‘शुक्रवारी चारला पुलाजवळच्या बाकावर ये. विचारायचंय... मी इथेच राहू का?’ वर ‘च्येर्क डायक्स्ट्रा’ लिहून त्याच्या घरच्या टपालपेटीत टाकली.

पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, हे त्या गावात शेंबडं पोरही जाणतं. दक्षिणेतल्या बाईला कोण सांगणार?

शुक्रवारी बाकावर ऐंशीचे गृहस्थ बसले होते. रविवारचा कोट, पाण्याने चापून बसवलेले केस, मांडीवर साखरेचा पाव.

“बस पोरी. चिठ्ठी मिळाली. माझी काही हरकत नाही, पण आधीच सांगतो, मी फार घोरतो.”

तिचे कान लालभडक झाले. “आजोबा, ती चिठ्ठी...”

“माझ्याच नावाची होती. हे नाव आधी माझं, त्याला नुसतं वापरायला दिलंय.” म्हाताऱ्याने मांडीवरचा पाव सरळ केला. “बायको गेल्यापासून मला कुणी बाकावर बोलावलं नव्हतं गं. म्हटलं, जाऊन येऊ. आता त्याला विचार. आणि हाक नीट मार, नाहीतर गाढव वळायचं नाही.”

पूल वर, मधे पाणी, आणि पलीकडे तो. आजोबांचा कोट बघून त्याचा आ वासलेला. ती कठड्याशी गेली.

“च्येर्क,” तिने हाक मारली. अगदी अस्सल, गावातल्यासारखी. “मी राहू का?”

होड्यांतली माणसं माना वर करून बघू लागली. त्याने खिशातून काहीतरी काढून लाकडी बुटात घातलं, आणि गळाची काठी पाण्यावरून झुलत तिच्यापर्यंत आली. आत एक कागद होता, घड्या पडून पडून मऊ झालेला. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

‘खोडेलीव्ह, जाऊ नकोस.’

ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाही कळेना.

बाकावर आजोबा पाव कापत होते. “हाक छान मारलीस हो,” ते म्हणाले. “मी ओ देता देता राहिलो.”