म्हशीनं पाणी का सोडलं?

"मलाच नीट समजलं न्हाई, तर कनिकाला काय शिकवू?" तृप्ती रडकुंडीला आली होती.

दिवाळीच्या सुट्टीत घनसावंगीजवळच्या त्यांच्या गावात तिघांनी एक नियम केला होता. आज जो शिकेल, त्यानं उद्या दुसऱ्याला शिकवायचं. किराणा दुकानवाल्यांच्या जिनेंद्रनं काल तृप्तीला वीज समजावली होती. आज त्याच्या धाकट्या बहिणीला, कनिकाला शिकवायची पाळी तृप्तीची होती. शाळेत विज्ञानाच्या तासाला ही तृप्ती मान खाली घालून बसायची!

तिनं वाटीतल्या मिठाच्या पाण्यात सेलच्या आणि छोट्या दिव्याच्या तारा सोडल्या. दिवा लागला.

"म्हंजे पाण्यातूनबी वीज जाती?" कनिकानं विचारलं. "मंग तुमच्या मळ्यातल्या हौदातून?"

तृप्ती उत्तर द्यायला गेली आणि थबकली. परवापासून त्यांची म्हैस हौदाला तोंड लावताच दचकून मागं सरत होती. तिचे भागवतकाका म्हणत होते, दृष्ट लागली. पण काल वीज गेल्यावर तीच म्हैस त्याच हौदावर घटाघटा पाणी प्याली होती.

तिघंही मळ्याकडं धावले. तृप्तीची गिरिजाआजी अनवाणीच हौद घासायला वाकत होती.

"आज्जी, हात लावू नको!" तृप्ती ओरडली. "आधी पाण्याची मोटार बंद करा."

तिथंच उभे असलेले काका वैतागले. उसाला पाणी चालू होतं, आणि ते स्वतः रोज त्याच हौदात हात घालत होते. त्यांना तर काहीच झालं नव्हतं.

जिनेंद्र बोलणार, तोच तृप्ती पुढं झाली. "काका, तुमच्या पायात रबरी गमबूट हायेत. म्हशीच्या पायात न्हाईत. आज्जीच्याबी न्हाईत."

आजी सावकाश मागं सरकली. "भागवत, बंद कर."

मोटार थांबली. म्हैस आली आणि पोटभर पाणी प्याली.

काकांनी गुपचूप वायरमनला बोलावलं. मोटारीची वायर उंदरांनी कुरतडली होती आणि तिची उघडी तार हौदाच्या लोखंडी पाइपला टेकली होती. पोरांनी अडवलं नसतं, तर आजीला मोठा झटका बसला असता, असं तो म्हणाला. वायर तशी उघड्यावर टाकल्याबद्दल त्यानं काकांना चांगलंच सुनावलं.

आजीनं तिघांना कुशीत घेतलं. कुणाच्या गालावरून हात फिरवू आणि कुणाच्या नको, असं तिला झालं.

काका मात्र येऊन तृप्तीसमोर मातीतच मांडी घालून बसले. "गमबुटाचं ते काय म्हणालीस, मलाबी शिकव. पण हळू सांग. मला जल्दी समजत न्हाई."

"मलाबी जल्दी न्हाई समजत, काका," तृप्ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली.